मोजमापातला न्याय : यान टिनबर्गेन यांचे जीवन

१९६९ साल. अर्थशास्त्रासाठी नव्याने सुरू झालेले नोबेल स्मृती पारितोषिक पहिल्यांदाच दिले गेले आणि ते दोघांना विभागून मिळाले. एक होते नॉर्वेचे रॅग्नार फ्रिश आणि दुसरे नेदरलँड्सचे यान टिनबर्गेन. त्याच वर्षी भारतात चौथी पंचवार्षिक योजना सुरू होत होती आणि केंद्राचा योजना-निधी राज्यांना कोणत्या हिशेबाने वाटायचा, याचे एक सूत्र ठरले. नियोजन आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ते आजही ओळखले जाते. काही विशेष राज्यांची तरतूद बाजूला काढल्यावर उरलेल्या रकमेपैकी साठ टक्के लोकसंख्येनुसार द्यायचे आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, पाटबंधारे व वीज यांचे अपुरे राहिलेले मोठे प्रकल्प आणि राज्यांचे खास प्रश्न यांना प्रत्येकी दहा टक्के वजन द्यायचे, असे ते सूत्र होते.

हेगमधला प्राध्यापक आणि पुण्यातून दिल्लीला गेलेला अर्थतज्ज्ञ यांच्यासमोरचा मूळ प्रश्न मात्र एकच होता. एक प्रदेश दुसऱ्याच्या मागे आहे, असे नेमके कशावरून म्हणायचे? आणि एखाद्या सरकारचे धोरण यशस्वी झाले की केवळ दिवस चांगले आले, हे कसे ओळखायचे? आज देशांच्या, राज्यांच्या, शहरांच्या क्रमवाऱ्या दर आठवड्याला प्रसिद्ध होतात. परदेशात नोकरी स्वीकारताना, मुलांसाठी शाळा निवडताना, घर कुठे घ्यायचे हे ठरवताना त्या पाहिल्याही जातात. अशा वेळी सारे आयुष्य या मोजमापात घालवलेल्या टिनबर्गेन यांचे चरित्र बरेच काही सांगून जाते.

यान टिनबर्गेन यांचा जन्म १२ एप्रिल १९०३ रोजी हेग येथे झाला. वडील डच भाषेचे शिक्षक. पाच भावंडांत यान थोरले. घरात पैशाची श्रीमंती नव्हती, पण अभ्यासाचे आणि चौकसपणाचे वातावरण होते. धाकटे बंधू निको यांनी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये त्यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वांत धाकटे लुक हे पक्षीशास्त्रज्ञ झाले. दोघा सख्ख्या भावांनी हा सन्मान मिळवल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही.

१९२१ साली यान लायडेन विद्यापीठात गणित आणि पदार्थविज्ञान शिकण्यासाठी दाखल झाले. तो लायडेनचा सुवर्णकाळ होता. पॉल एरेनफेस्ट यांच्यासारखे गुरू तेथे शिकवत होते आणि आइन्स्टाइन यांचे येणे-जाणे असे. प्रयोगशाळेत हुशार विद्यार्थ्याला हवे ते सारे होते. परंतु लायडेन हे गिरण्यांचे गावही होते. विद्यापीठापासून थोड्याच अंतरावर बेकार कामगारांची बिऱ्हाडे होती. समाजवादी विचारांकडे वळलेल्या तरुण टिनबर्गेन यांनी ती घरे जवळून पाहिली आणि तेथील जगण्याविषयी समाजवादी वृत्तपत्रात लिहिले. पदार्थविज्ञानापेक्षा अर्थशास्त्रात आपला अधिक उपयोग होईल, अशी त्यांची खात्री होत गेली.

एरेनफेस्ट यांनी या ओढीला विरोध केला नाही, उलट वाट काढून दिली. १९२९ मध्ये पूर्ण झालेल्या प्रबंधाचा विषय दोन्ही शास्त्रांना जोडणारा होता : पदार्थविज्ञानातील आणि अर्थशास्त्रातील न्यूनतमाचे प्रश्न. निसर्गात अनेक घटना अशा घडतात की जणू एखादी राशी कमीत कमी राहावी, असाच त्यांचा नियम असतो. प्रकाशकिरण कमीत कमी वेळ लागेल असा मार्ग घेतो. अर्थव्यवहारातही खर्च कमीत कमी किंवा समाधान जास्तीत जास्त असावे, असे गणित मांडता येते. फरक एवढाच की प्रकाशकिरणाच्या बाबतीत कोणती राशी कमी करायची, याविषयी मतभेद नसतो. समाजाच्या बाबतीत खरा वाद तिथेच सुरू होतो.

दरम्यान सक्तीच्या लष्करी सेवेला त्यांनी विवेकबुद्धीने नकार दिला होता. त्याबदली आधी रॉटरडॅमच्या तुरुंगाच्या कचेरीत आणि नंतर हेगच्या मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालयात त्यांना काम देण्यात आले. शिक्षेवजा मिळालेली ही जागाच त्यांची कर्मभूमी ठरली. १९२९ पासून ते तेथे व्यापारचक्रांचा, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्यांचा अभ्यास करू लागले आणि १९३३ पासून रॉटरडॅमच्या अर्थशास्त्र महाविद्यालयात अध्यापनही करू लागले.

जागतिक मंदीने तोवर नेदरलँड्सला ग्रासले होते. शेजारच्या देशांनी एकामागून एक आपली चलने स्वस्त केली, पण डच सरकार सुवर्णमानाला चिकटून राहिले. निर्यात आटली, बेकारी वाढत गेली. उपाय अनेक सुचवले जात होते. कोणी मजुरी कमी करा म्हणत होते, कोणी सरकारी कामे काढा, तर कोणी गिल्डरचे अवमूल्यन करा. प्रत्येक पक्षाजवळ आपली बाजू सिद्ध करणारा एखादा आकडा आणि एखादा देश होता. अमुक देशाने अमुक केले, तेथे बेकारी घटली, म्हणून आपणही तसेच करावे, असा युक्तिवाद चाले. पण तो देश मोठा आहे की लहान, निर्यातीवर किती अवलंबून आहे, त्याच सुमारास त्याच्या मालाला भाव चांगला मिळाला होता का, हे कोणी विचारात घेत नव्हते.

टिनबर्गेन यांनी १९३६ मध्ये या गोंधळावर एक अपूर्व उपाय योजला. संपूर्ण डच अर्थव्यवस्था त्यांनी सुमारे दोन डझन समीकरणांत बसवली. मजुरी, किंमती, आयात, निर्यात, नफा, रोजगार यांचे परस्परसंबंध त्यांनी मागील वर्षांच्या आकडेवारीवरून काढले आणि मग एकेक धोरण त्याच जुळणीत घालून पाहिले. एखाद्या राष्ट्रीय अर्थव्यवस्थेची अशी गणिती प्रतिकृती जगात पहिल्यांदाच तयार झाली होती. तिचा कौल अवमूल्यनाच्या बाजूने होता. योगायोगाने त्याच वर्षी सप्टेंबरअखेर सरकारला गिल्डर सुवर्णमानापासून सोडवावा लागला.

या कामाचे महत्त्व केवळ निष्कर्षात नव्हते. धोरणाचा परिणाम म्हणजे धोरणानंतर दिसणारी स्थिती नव्हे, हे त्याने दाखवून दिले. धोरण राबवल्यावर काय झाले आणि ते न राबवता काय झाले असते, या दोहोंतील अंतर म्हणजे परिणाम. यातला दुसरा भाग कधीच डोळ्यांनी दिसत नाही, तो हिशेबाने उभा करावा लागतो. आजच्या बहुतेक क्रमवाऱ्या हा हिशेब मांडतच नाहीत. चांगला पाऊस झालेल्या वर्षीचे कृषी उत्पन्न, बंदर लाभलेल्या जिल्ह्याची निर्यात किंवा आधीच सुशिक्षित असलेल्या पालकांच्या मुलांचे निकाल पाहून त्या-त्या सरकारच्या, प्रदेशाच्या किंवा शाळेच्या पाठीवर थाप मारली जाते.

त्यानंतर राष्ट्रसंघाने टिनबर्गेन यांना जिनिव्हाला बोलावले. तेजी-मंदीविषयीचे निरनिराळे सिद्धांत आकड्यांच्या कसोटीवर तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९३९ मध्ये त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले आणि त्यावर सर्वांत कठोर टीका केली ती जॉन मेनार्ड केन्स यांनी. केन्स यांचे आक्षेप मुळावर घाव घालणारे होते. सारी महत्त्वाची कारणे यादीत आली आहेत, याची हमी काय? जी कारणे मोजता येत नाहीत, उदाहरणार्थ लोकांचा विश्वास किंवा राजकीय वातावरण, त्यांचे काय करायचे? एका काळातले संबंध दुसऱ्या काळात तसेच राहतील, हे कशावरून? आणि तीच सामग्री वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या हाती दिली, तर सगळे एकाच उत्तराला पोहोचतील का?

टिनबर्गेन यांनी १९४० मध्ये शांतपणे उत्तर दिले. आपली पद्धत एखाद्या सिद्धांताला अंतिम सत्य ठरवत नाही, पण तो आकड्यांशी विसंगत असेल तर ते दाखवू शकते, अशी त्यांची भूमिका होती. वादात कोणाची सरशी झाली, हे ठरवणे सोपे नाही. पुढच्या अर्धशतकात टिनबर्गेन यांची पद्धत जगभर पसरली, पण केन्स यांचे प्रश्नही शिल्लक राहिले. आज प्रदेशांच्या जीवनमानाचा निर्देशांक तयार करणाऱ्या कोणालाही त्याच प्रश्नांना तोंड द्यावे लागते. निर्देशकांची यादी थोडी बदलली किंवा एखाद्याचे वजन थोडे वाढवले, की पाचव्या क्रमांकावरचा प्रदेश अकरावा होतो, आणि प्रत्यक्षात मात्र तेथे काहीच बदललेले नसते.

महायुद्धाने आकड्यांना वेगळीच धार आणली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्सच्या शहरांत भीषण दुष्काळ पडला आणि सुमारे वीस हजार माणसे दगावली. ग्रामीण पूर्व आणि उत्तर भागांत परिस्थिती इतकी बिकट नव्हती. संपूर्ण देशाची सरासरी काढली, तर त्या हिवाळ्याचे खरे स्वरूप तीत दिसणार नाही.

युद्ध संपताच, सप्टेंबर १९४५ मध्ये, मध्यवर्ती नियोजन कार्यालय स्थापन झाले आणि टिनबर्गेन त्याचे पहिले संचालक झाले. दहा वर्षे त्यांनी ते सांभाळले. नावात नियोजन असले तरी या कार्यालयाने उद्योगांना हुकूम सोडले नाहीत. अंदाज बांधणे आणि धोरणांचे परिणाम आधी हिशेबाने मांडून दाखवणे, हे त्याचे काम ठरले. ध्येये ठरवायची लोकप्रतिनिधींनी, त्यांची किंमत सांगायची तज्ज्ञांनी, ही कामाची विभागणी टिनबर्गेन यांनी कसोशीने पाळली.

याच अनुभवातून १९५२ मध्ये आर्थिक धोरणाच्या सिद्धांतावरचा त्यांचा ग्रंथ आला. त्यातील एक नियम आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. सरकारची जितकी स्वतंत्र उद्दिष्टे असतील, तितकीच स्वतंत्र साधने त्याच्या हाती असली पाहिजेत. एकाच व्याजदराने महागाईही आटोक्यात ठेवायची, रोजगारही वाढवायचा आणि परकीय व्यापाराचा तोलही सांभाळायचा, हे साधत नाही.

हा नियम क्रमवारीच्या प्रश्नाला थेट लागू करता येतो. एखाद्या राज्याचे शिक्षण, आरोग्य, रोजगार, हवा, कायदा-सुव्यवस्था ही सारी वेगवेगळी उद्दिष्टे आहेत. ती एकत्र कालवून एकच क्रमांक काढला, की कोणते साधन कोठे वापरायचे हे सांगण्याची त्या आकड्याची शक्ती संपते. सतराव्या क्रमांकावर असलेल्या मुख्यमंत्र्याला त्या सतरावरून दवाखाने बांधायचे की शिक्षक नेमायचे, हे कळत नाही. त्याला फक्त सोळावा यायचे आहे, एवढेच कळते. मग जे मोजले जाते तेवढ्यावरच पैसा खर्च होऊ लागतो.

१९५० च्या दशकाच्या आरंभी टिनबर्गेन भारतात आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था त्या काळी जगभरच्या अर्थतज्ज्ञांचे एकत्र येण्याचे ठिकाण बनली होती. येथे पाहिलेल्या दारिद्र्याने त्यांच्या जीवनाची दिशा बदलली. लायडेनच्या कामगार वस्तीने जसे पदार्थविज्ञानातून अर्थशास्त्रात आणले, तसे भारताने त्यांना नेदरलँड्सच्या प्रश्नांकडून गरीब देशांच्या प्रश्नांकडे नेले. १९५५ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले आणि उर्वरित आयुष्य प्रामुख्याने विकासाच्या नियोजनाला वाहिले. तुर्कस्तानसह अनेक देशांना त्यांनी सल्ला दिला. देश, उद्योगक्षेत्र आणि प्रदेश अशा पायऱ्यांनी नियोजन व्हावे, प्रदेशाचा विचार अखेरीस घाईघाईने उरकू नये, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास नियोजन समितीचे ते अध्यक्ष होते. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा गरीब देशांना मदत म्हणून द्यावा, ही कल्पना या समितीच्या कामातून पुढे आली आणि १९७० मध्ये ०.७ टक्के हे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारले. नेदरलँड्सने ते १९७५ पासून २०१२ पर्यंत पाळले. गंमत अशी की हा आकडाही एक क्रमवारी होऊन बसला. कोणत्या देशाने किती टक्के दिले, याची यादी दरवर्षी निघू लागली. दिलेल्या पैशाने कोणाचे किती भले झाले, हा अवघड प्रश्न त्या यादीच्या बाहेरच राहिला.

टिनबर्गेन यांच्या मायदेशातच सरासरी आणि वास्तव यांतील दरीचे एक बोलके उदाहरण घडत होते. १९५९ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतातील स्लोख्तरेन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. त्या वायूचे मूल्य प्रांताच्या उत्पादनात धरले जाई. त्यामुळे दरडोई उत्पादनाच्या युरोपीय याद्यांत ग्रोनिंगेन अनेक वर्षे अतिश्रीमंत प्रदेशांच्या पंक्तीत बसत असे. प्रत्यक्षात तेथील कुटुंबांच्या हाती पडणारे उत्पन्न देशातल्या सर्वांत कमी उत्पन्नांपैकी होते. वायूचा पैसा राष्ट्रीय तिजोरीत आणि कंपन्यांकडे जात होता. जमिनीखालून वायू काढल्याने भूकंप मात्र तिथेच होत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, त्यानंतर भेगाळलेल्या घरांचा प्रश्न साऱ्या देशापुढे आला. २०२३ च्या आरंभी संसदीय चौकशीने ग्रोनिंगेनकरांच्या हिताकडे पद्धतशीर दुर्लक्ष झाल्याचा निष्कर्ष काढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील वायू उत्पादन थांबले. यादीतला क्रमांक खोटा नव्हता, बेरीजही चुकलेली नव्हती. चुकला होता तो त्या बेरजेचा अर्थ.

टिनबर्गेन यांना हा धोका उत्तरायुष्यात स्पष्ट दिसत होता. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, १९९० च्या दशकाच्या आरंभी, सांख्यिकी कार्यालयातील अर्थतज्ज्ञ रूफी ह्यूटिंग यांच्यासह त्यांनी एक निबंध लिहिला. राष्ट्रीय उत्पन्नाचे आणि बाजारभावांचे आकडे पर्यावरणाची हानी झाकून ठेवतात आणि त्यामुळे यशाचे चुकीचे संकेत देतात, असे प्रतिपादन त्यात होते. ज्या माणसाने आयुष्यभर राष्ट्रीय उत्पन्नावर प्रतिकृती उभ्या केल्या, त्यानेच त्या आकड्याच्या मर्यादा सांगाव्यात, यात विसंगती नाही. मोजमापावर निष्ठा होती, म्हणूनच चुकीच्या मोजमापाची चीड होती. मोजणे सोडून द्यावे, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. माणसांचे कल्याणही मोजता आले पाहिजे, अन्यथा न्याय्य उत्पन्नवाटपाची चर्चा केवळ भावनेवर चालेल, असे मानून ते अखेरपर्यंत त्या खटपटीत राहिले.

नेदरलँड्सच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१८ पासून व्यापक कल्याणाचा वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली, पुढे त्याची प्रादेशिक आवृत्तीही आली. त्यात जाणीवपूर्वक एकच अंतिम गुण दिला जात नाही. आरोग्य, घर, सुरक्षितता, निसर्ग, परस्परविश्वास असे अनेक निर्देशक शेजारी शेजारी मांडले जातात. शिवाय आजचे कल्याण पुढच्या पिढीच्या किंवा दुसऱ्या देशांच्या जिवावर तर मिळवलेले नाही ना, हेही तपासले जाते. निवड वाचकावर आणि लोकप्रतिनिधींवर सोपवलेली असते. टिनबर्गेन यांनी घालून दिलेली कामाची विभागणी येथेही दिसते.

मराठी वाचकाला या साऱ्यात एक ओळखीचा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही : अनुशेष. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल शोधण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे, हे तिने काढले आणि ती तूट भरून काढण्यासाठी सुमारे ३,१८७ कोटी रुपये लागतील असा हिशेब मांडला. जिल्ह्यांना एकामागे एक उभे करण्याऐवजी प्रत्येकाची प्रत्येक क्षेत्रातील उणीव वेगळी दाखवण्याचा तो मार्ग होता. विदर्भ आणि मराठवाड्याच्या तक्रारीला त्यामुळे ठोस आधार मिळाला. तरीही प्रश्न उरलेच. सातारा जिल्हा एकूण पुढारलेला दिसला, तरी त्यातील माण-खटावचा दुष्काळ जिल्ह्याच्या सरासरीत हरवतो. शिवाय किती किलोमीटर रस्ता झाला हे मोजता आले, तरी त्या रस्त्याने कोणाचे आयुष्य कितपत बदलले, हे त्यातून कळत नाही. २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या केळकर समितीने तालुक्यापर्यंत जाऊन विचार केला, तो याच अडचणीमुळे.

गाडगीळ सूत्रातही अशीच गाठ होती. करवसुलीच्या प्रयत्नांना गुण द्यावेत, तर गरीब राज्याला कर बसवायला मुळात उत्पन्नच कमी. गुण न द्यावेत, तर प्रामाणिकपणे कर गोळा करणाऱ्यावर अन्याय. दहा टक्के हे वजन कोणत्याही समीकरणातून आलेले नव्हते, ती विचारपूर्वक केलेली तडजोड होती. मात्र ती सर्वांसमोर मांडलेली होती, आणि तिच्याशी भांडता येत होते. सूत्राचे हे मोठेच बळ होते.

टिनबर्गेन यांचे वैयक्तिक जीवन साधे राहिले. पत्नी टिनासह ते हेगमध्येच राहिले. जगाला कोणती एक भाषा हवी, तर ती कोणाचीच मातृभाषा नसावी, या समभावनेतून त्यांना एस्पेरांतोविषयी आस्था होती. १९८७ मध्ये ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमच्या विद्यापीठांनी मिळून सुरू केलेल्या अर्थशास्त्र संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ९ जून १९९४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, हेग येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि अनुशेषाचा हिशेब पुन्हा नव्याने सुरू झाला.

प्रदेशांची तुलना करूच नये, असा धडा या चरित्रातून मिळत नाही. तुलना झाली नसती, तर मराठवाड्याची तूटही दिसली नसती आणि मंदीतल्या डच कामगाराची बेकारीही दैवावर ढकलली गेली असती. यादी समोर आली की तिला काही प्रश्न विचारावेत, एवढे मात्र त्यातून शिकता येते. काय मोजले आणि काय सोडले? वजने कोणी ठरवली? सुरुवात कोठून झाली होती? सरासरीच्या आत कोण दडलेले आहे? आणि हे यश दुसऱ्या कोणाच्या खात्यावर तर लिहिलेले नाही ना? लायडेनमधल्या त्या विद्यार्थ्याने गिरणी कामगारांची बिऱ्हाडे आधी पाहिली होती, समीकरणे त्यानंतर मांडली.